अफवा पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक हाताला जाहीर इशारा

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांत ज्याच्या हातात फोन आहे आणि त्या फोनवर गावाचा, भावकीचा, बचत गटाचा किंवा शाळासोबत्यांचा एखादा तरी ग्रुप आहे, त्या प्रत्येकासाठी हा इशारा आहे. ग्रुपचे अॅडमिन, तालुक्याच्या बातम्या देणारी यूट्यूब चॅनेल आणि पोर्टल चालवणारे, तसेच जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक कार्यालयातले अधिकारी यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. खाली दिलेल्या अटींची मुदत त्यांच्यासाठी आहे आणि ती येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला संपते.

परक्या देशातून सोडलेले खोटे आपल्या जिल्ह्यात आपल्याच हातांनी घरोघर पोहोचते, आणि ते अडवण्याचा पगार घेणारे उशिरा जागे होतात. हे यापुढे खपवून घेतले जाणार नाही.

मे २०२५ आठवा. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, त्यांतले सहा महाराष्ट्राचे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि पुढचे चार दिवस कोणाचाही फोन गप्प राहिला नाही. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला. तो एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा, ७ जुलै २०२१चा होता. जालंधरवर ड्रोन कोसळल्याचा व्हिडिओ फिरला. ती शेतात लागलेली आग होती. '२० राज बटालियन'ची चौकी पाकिस्तानी सैन्याने उडवल्याची बातमी आली. भारतीय लष्करात या नावाची तुकडीच नाही. २०२० मधल्या बैरूतच्या स्फोटाची दृश्ये भारतावरचा क्षेपणास्त्रांचा मारा म्हणून दाखवली गेली. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर माफी मागत आहेत, असा यंत्राने घडवलेला व्हिडिओ आला. आणि या सगळ्यात दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार असल्याचा मेसेज आला. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने बँक खाते उघडले आहे, त्यात पैसे भरा, अशी दिशाभूल करणारी हाकही त्याआधी येऊन गेली होती. सीमेपासून इतक्या दूर, वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपल्याला या युद्धात कोणी ओढले? पाकिस्तानच्या तोफांचा पल्ला इथवर नाही. आपल्या अंगठ्याचा आहे.

महाराष्ट्र सायबर या राज्याच्या पोलीस यंत्रणेने त्या दिवसांवर 'रोड ऑफ सिंदूर' नावाचा अहवाल केला. पहलगामनंतर भारतातल्या संगणक यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतले फक्त १५० यशस्वी झाले, असे त्यात नोंदले आहे. याच काळात खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या मजकुराची ५ हजारांहून अधिक प्रकरणे याच यंत्रणेने शोधली. यंत्रांनी जवळजवळ सगळा मारा परतवला, हे या आकड्यांतून दिसते. फोन हातात धरलेल्या माणसाने किती परतवला, याची नोंद कुठेच नाही, कारण ती आपण आपल्या मनात ठेवायची असते आणि आपण ती ठेवत नाही.

आता रईनपाड्याकडे या. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला हा आदिवासी पाडा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बसमधून उतरले. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. मुले पळवणारी टोळी आली आहे, हे त्या भागातल्या फोनवर आधीच पसरलेले होते. जमावाने त्या पाचांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे ठार केले. पाचही जण मेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत, जिथे जन्माची नोंद होते, घरपट्टी भरली जाते, ग्रामसभेच्या नोटिसा लागतात, त्याच खोलीत.

त्या काळात देशभर जो एक व्हिडिओ सर्वाधिक भीती पेरत होता, त्याची हकिकत प्रत्येक अॅडमिनने पाठ करून ठेवावी. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांमधून एकाला उचलतात आणि पळून जातात. हा व्हिडिओ कराचीचा. तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने हरवलेल्या मुलांच्या प्रश्नावर २०१६ मध्ये केलेली ती जाहिरात होती. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. भारतात पसरला तेव्हा हा शेवट कापलेला होता. कराचीतल्या लोकांनी आपल्या मुलांना वाचवण्यासाठी केलेली वस्तू इथे कोणीतरी कात्रीने माणसे मारण्याजोगी केली, आणि ती पुढे पाठवणाऱ्या लाखो हातांपैकी एकालाही तिचा शेवट कुठे गेला असा प्रश्न पडला नाही.

म्हणून परकीय अपप्रचार म्हटले की फक्त सीमेपलीकडे बोट दाखवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की बोट आधी खाली घ्या. व्हिडिओ परका असू शकतो, खोटेपणा इथला असू शकतो. खोटेपणा परका असू शकतो, आणि मारणारा हात इथला असतो. रईनपाड्यात कोणी पाकिस्तानी नव्हता.

सालेकसा-देवरीच्या वाड्यांतही बाहेरगावचे लोक येतात. जडीबुटी विकणारे, डवरी गोसावी, बहुरूपी, छत्तीसगड आणि बालाघाटकडून येणारे फेरीवाले, रोवणीसाठी येणारे मजूर, कचारगडच्या यात्रेला येणारे हजारो गोंड भाविक. तीन राज्यांच्या सीमेवरच्या जिल्ह्यात अनोळखी चेहरा ही रोजची गोष्ट आहे. ज्या दिवशी आपण अनोळखी चेहऱ्याला फोनवरच्या मेसेजने तोलू लागू, त्या दिवशी रईनपाडा इथेही होईल. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. जे घडले आहे ते पुन्हा घडू शकते, म्हणून लिहितो.

नागपूर तर गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. १७ मार्च २०२५च्या संध्याकाळी तिथे दंगल उसळली. दुपारी झालेल्या एका आंदोलनात जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता, ही अफवा संध्याकाळपर्यंत शहरभर पसरली होती. विधानसभेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीच ही अफवा असल्याचे सांगितले. घरे आणि गाड्या फुटल्या, पोलीस जखमी झाले, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि जखमी झालेला एक माणूस रुग्णालयात मरण पावला. तपासात सायबर पोलिसांना बांगलादेशातून चालवले जाणारे, चिथावणी आणि धमकी देणारे एक फेसबुक खाते सापडल्याचे प्रसिद्ध झाले. काही वाहिन्यांनी लगेच सारी दंगल परदेशातून घडवल्याचा निकाल देऊन टाकला. मुख्यमंत्र्यांनी मात्र परकीय हाताबद्दल एवढ्यात बोलणे घाईचे होईल असे म्हटले. त्या एका वाक्यात जो संयम होता, तो त्या आठवड्यात इतर कोणाकडेच फारसा दिसला नाही. एका परक्या खात्याने धमकी दिली हे खरे, आणि त्या धमकीआधीच शहर पेटले होते हेही खरे. ही दोन सत्ये एका वेळी हातात धरायची तयारी नसेल, त्याने देशभक्तीच्या गप्पा मारू नयेत.

बातम्या देणाऱ्यांनो, आता तुमच्याशी. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत हल्लेखोर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये होते आणि त्यांना फोनवरून हुकूम देणारे पाकिस्तानात बसून आपल्या वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण पाहत होते. कमांडो कुठे उतरले, कोणत्या बाजूने आत शिरत आहेत, ते त्यांना आपल्याच कॅमेऱ्यांनी दाखवले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. राष्ट्रीय सुरक्षेला धोक्यात घालणारे ते प्रक्षेपण कोणत्याही सामाजिक हेतूचे नव्हते, असा त्याचा आशय होता. मुंबईच्या त्या रात्रीनंतर साडेसोळा वर्षांनी, ८ मे २०२५च्या रात्री, देशातल्या मोठ्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे ओरडून सांगितले. कराची बंदर जागेवर होते. ती रात्र परक्या प्रचारकांनी घडवली नाही. आपण घडवली, आणि भारतातल्या कोणत्याही खऱ्या बातमीवर जगाने का विश्वास ठेवावा, हे विचारायची सोय शत्रूला करून दिली. शेवटी नागरी संरक्षण विभागाला १० मे रोजी वाहिन्यांना लेखी कळवावे लागले की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोक खऱ्या भोंग्याकडे लक्ष देईनासे होतील.

मोठ्या वाहिन्यांना मी इथून काही करू शकत नाही. तुम्हाला करू शकतो. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन आहे, इथून बालाघाट-जबलपूरकडे आणि बल्लारशाकडे फाटे फुटतात. संकटाच्या दिवसांत फलाटावर उभे राहून लष्कराच्या गाडीचे डबे मोजत रील बनवणारा मुलगा आणि ती रील 'ब्रेकिंग' म्हणून टाकणारे पोर्टल, दोघेही २६/११च्या त्या कॅमेऱ्यांचेच काम करतात. बिरसीच्या विमानतळाबद्दलही हेच. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ रोजी सुरक्षा दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नका असे सर्व माध्यमांना बजावले, तेव्हा कारगिल, कंदहार आणि मुंबई ही तीन नावे त्यात लिहिली होती. ते पत्र दिल्ली-मुंबईच्या बड्यांसाठी होते असे समजू नका.

कायदा काय म्हणतो तेही ऐका, आणि अर्धवट ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली भीती किंवा तेढ पसरवणारी खोटी माहिती, अफवा प्रसिद्ध करणे किंवा फिरवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्टपणे लिहिलेले आहे. प्रार्थनास्थळात हा गुन्हा झाला तर पाच वर्षे. देशाच्या सार्वभौमत्वाला आणि सुरक्षेला बाधा आणणाऱ्या खोट्या माहितीसाठी कलम १९७ आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केले' हा बचाव या कलमांत कुठेही लिहिलेला नाही. तुम्ही ती गोष्ट सद्भावनेने खरी मानली आणि तसे मानायला वाजवी कारण होते, हा बचाव ३५३ मध्ये आहे. मग ते कारण दाखवा. भाच्याने पाठवले होते, हे वाजवी कारण होत नाही.

अॅडमिन मंडळींना वाटते की ग्रुपमध्ये कोणी काहीही टाकले तरी तुरुंगात आपण जाणार, म्हणून ते घाबरतात, किंवा उलट सगळेच वाऱ्यावर सोडतात. याचा निकाल आपल्याच जिल्ह्यातल्या प्रकरणावर लागलेला आहे, आणि तो इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये गोंदिया जिल्ह्यात एका व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनवर गुन्हा दाखल झाला. सदस्याने एका महिलेबद्दल गलिच्छ मजकूर टाकला आणि अॅडमिनने त्याला काढले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो गुन्हा रद्द केला. सदस्याशी संगनमत असल्याचे दिसत नसेल तर त्याच्या मजकुरासाठी अॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असे न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि अमित बोरकर यांनी सांगितले. अॅडमिनकडे सदस्याला घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार असतो, मजकूर आधी तपासण्याचा नसतो, हेही त्यांनी नोंदवले. निकाल योग्य आहे. पण काढण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, हे न्यायालयानेच सांगितले ना? कायदा तुम्हाला शिक्षा करणार नाही, म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. मी तुमच्याकडे तोच एक अधिकार वापरण्याची मागणी करतो आहे.

आणि आता सरकार. सरकारला सोडून फक्त लोकांना दटावणारा इशारा हा अर्धा इशारा असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारचे पीआयबी फॅक्ट चेक नोव्हेंबर २०१९ पासून काम करते आहे. वर सांगितलेल्या बहुतेक खोट्यांना त्यांनीच उघडे पाडले. डिसेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानातून चालणारी २० यूट्यूब चॅनेल बंद केली गेली, त्यांची दृश्यसंख्या ५५ कोटींवर होती. जानेवारी २०२२ मध्ये आणखी ३५ बंद झाली, तिथे हा आकडा १३० कोटी होता. पहलगामनंतर १६ पाकिस्तानी चॅनेल रोखली गेली, त्यांचे वर्गणीदार ६ कोटींहून जास्त होते. ऑपरेशन सिंदूरच्या काळात १,४०० हून अधिक दुवे बंद केल्याचे सरकारने संसदेला सांगितले. आकडे मोठे आहेत. पण नीट बघा. १३० कोटी वेळा पाहून झाल्यावर जे दार बंद होते, त्याने घर वाचलेले नसते. चॅनेल बंद पडते, त्यातला व्हिडिओ तोवर गावाच्या ग्रुपवर उतरलेला असतो, आणि तिथे दिल्लीचा कोणताही आदेश पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो गावाला ठाऊक असलेल्या माणसाचा शब्द.

जालंधरचेच उदाहरण घ्या. त्या आगीच्या व्हिडिओवर जी वेळ दिसत होती ती ड्रोन हल्ला सुरू होण्याच्या आधीची होती, आणि हे सांगायला तिथला जिल्हाधिकारी पुढे आला. पीआयबीने त्याच्याच शब्दाचा आधार घेतला. एका जिल्ह्याच्या प्रमुखाने तातडीने केलेल्या खुलाशाने जे साधले, तेच मला गोंदियात हवे आहे. इथे खुलासा येतो तेव्हा इंग्रजीत किंवा हिंदीत, चित्राच्या पट्टीवर, एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) येतो. तो केशोरीच्या, चिचगडच्या, दरेकसाच्या बाईपर्यंत कधी जाणार? तिच्याकडे अफवा आली ती झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, शेजारणीच्या आवाजात.

या जिल्ह्याला अपप्रचाराशी लढण्याचा अनुभव नाही असेही नाही. पंचेचाळीस वर्षे इथल्या जंगलात माओवाद्यांची पत्रके टाकली गेली, झाडांना फलक बांधले गेले, रस्ता करणारा ठेकेदार, फोनचा मनोरा, पोलीस, शिक्षक, सगळे शत्रू ठरवले गेले. मुरकुटडोहसारख्या ठिकाणी पोलिसांची चौकी बसली, तरुणांना जातीचे दाखले आणि नोकरीचे अर्ज दारात मिळू लागले, रस्ता झाला, तेव्हा पत्रकातल्या शब्दांचा जोर उतरला. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाच्या प्रवक्त्यासह अकरा माओवाद्यांनी गोंदिया पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली. प्रवक्ता, म्हणजे पत्रके काढणारा माणूस. त्याला नुसत्या प्रतिपत्रकाने हरवले नाही. ज्या प्रशासनाला हे जंगलात जमले, त्याला ते व्हॉट्सअॅपवर जमत नाही असे मी मानायला तयार नाही.

सरकारचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो मी जपून पण स्पष्ट लिहितो. खरे दाबून ठेवले की खोट्याला जागा मिळते. सिंदूरच्या पहिल्याच रात्री भारताची विमाने पडली की नाही, याबद्दल पाकिस्तान आधी पाचचा आणि मग सहाचा आकडा जगाला सांगत सुटला. आपल्याकडून ११ मे रोजी एवढेच ऐकू आले की लढाईत नुकसान होतेच. विमाने गमावल्याची कबुली संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी, तीही सिंगापुरात एका परदेशी वाहिनीला दिली, आणि सहाचा आकडा साफ खोटा असल्याचेही तेव्हाच सांगितले. युद्धात काही गोष्टी लगेच सांगता येत नाहीत हे मला मान्य आहे. पण तीन आठवडे शत्रूचा आकडा एकटाच बाजारात फिरत राहिला, याची किंमत पीआयबीच्या शंभर खुलाशांनी भरून येत नाही.

आणि परकीय अपप्रचाराच्या नावाखाली स्वतःच्या नागरिकांवर काठी उगारणे तर अजिबात चालणार नाही. पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवर टीका करणारी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुन्हा टाकली, दोन तासांत काढली, माफी मागितली. तिला कॉलेजातून काढले आणि अटक झाली. २७ मे २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला तातडीने सोडण्याचा आदेश देताना सरकारला खडसावले. २०२३ मध्ये केंद्राने स्वतःबद्दलची कोणती बातमी खोटी हे स्वतःच ठरवणारा कक्ष नियमांत आणला. तो २० सप्टेंबर २०२४ रोजी याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, आणि तो निर्णायक निकाल नागपुरात वकिली केलेले न्यायमूर्ती ए. एस. चांदूरकर यांचा होता. दोन्ही निकाल बरोबर आहेत. बिरसीची धावपट्टी ज्या महायुद्धात बांधली गेली, त्याच महायुद्धात इंग्रज सरकार नेताजींच्या आझाद हिंद रेडिओला शत्रूचा प्रचार म्हणत होते आणि मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांना नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडून तुरुंगात टाकत होते. सत्तेला न आवडणारा आवाज आणि परक्याने सोडलेले खोटे यांतला फरक ज्या अधिकाऱ्याला कळत नाही, त्याच्या हातात कलम ३५३ देणे धोक्याचे आहे.

स्वीडनने २०२२ मध्ये मानसिक संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली. त्याहून मला आवडते ते त्यांचे साधे काम. संकट किंवा युद्ध आले तर काय करायचे, खोटी माहिती कशी ओळखायची, हे सांगणारी एक पुस्तिका त्यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशातल्या घराघरात टपालाने पाठवली. आपल्याकडे रेशन दुकाने गावोगाव आहेत. धान्यासोबत एक कागद देता येतो.

तर आता अटी.

अॅडमिन, तुमच्या ग्रुपच्या माहितीत पीआयबी फॅक्ट चेकचा ८७९९७११२५९ हा व्हॉट्सअॅप क्रमांक, सायबर फसवणुकीसाठीचा १९३० आणि पोलिसांचा ११२, एवढे १५ ऑगस्टपूर्वी लिहिलेले दिसले पाहिजे. युद्ध, दंगल, मुले पळवणारे, बँक बंद, विषारी लस, विषारी पाणी यांबद्दलचा कोणताही मेसेज टाकणाऱ्याला तुम्ही एकदा विचाराल, कुठून आला? उत्तर नसेल तर तो काढायला सांगाल. दुसऱ्यांदा त्याला ग्रुपमधून काढाल. मेसेजवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' असे दिसत असेल तर विचारायचीही वाट बघू नका. संकटाच्या दिवशी ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय असते, ती वापरा. तो सदस्य सरपंच असला, साळा असला, पक्षाचा तालुकाध्यक्ष असला तरी.

पोर्टल आणि चॅनेलवाले, तुम्ही चूक केली तर २४ तासांत, त्याच ठिकाणी, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती द्याल. तुमच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचे नाव लिहाल. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातम्या देणाऱ्याला ते बंधन घातलेले आहे आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायला सांगितले आहे. हे नाव आज तुमच्या पानावर आहे का ते बघा.

जिल्हा प्रशासन, तुमच्याकडे एक जबाबदार माणूस नेमलेला हवा, ज्याचा आवाज जिल्ह्याला ओळखू येईल. अफवेची खबर मिळाल्यापासून तीन तासांत त्याचा आवाजी खुलासा मराठीत, हिंदीत, गोंडीत आणि पोवारीत प्रत्येक पोलीस पाटील, कोतवाल, आशा सेविका आणि सरपंचाच्या फोनवर पोहोचला पाहिजे, आणि ज्या गावात रेंज नाही तिथे दवंडी पिटली गेली पाहिजे. खुलाशात काय खोटे आहे एवढेच नको. काय खरे आहे, काय अजून तपासात आहे, तेही हवे. तुमचाच खुलासा चुकला तर तो दुरुस्त केल्याचे त्याच आवाजात सांगा. रेशन दुकानातून एक पानी सूचना १५ ऑगस्टपूर्वी वाटा. आणि ज्याने टीका केली पण खोटे बोलला नाही, त्याला ठाण्यात बोलावू नका.

अटी मान्य झाल्या नाहीत तर काय, तेही आजच सांगतो, म्हणजे नंतर कोणी अचानक म्हणणार नाही.

१५ ऑगस्टनंतर माझ्याकडे येणारी प्रत्येक जीवघेणी अफवा तारीख, वेळ, ग्रुपचे नाव आणि पाठवणाऱ्याच्या नावासह लेखी तक्रार म्हणून त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाईल. त्यात माझे नातेवाईक असतील तर त्यांचीही नावे जातील. हे त्यांना मी समोरासमोर सांगून ठेवले आहे. दुरुस्ती न देणाऱ्या प्रत्येक पोर्टलची तक्रार आधी त्यांच्याकडे, पंधरा दिवसांनी वरच्या पायरीवर होईल, आणि तोवर त्यांना जाहिरात देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराकडे मी स्वतः ती खोटी बातमी छापून घेऊन जाईन.

आणि जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक कार्यालयांत स्वातंत्र्यदिनानंतर कामकाज सुरू होईल त्या पहिल्याच सकाळी माहिती अधिकाराचे दोन अर्ज दहा-दहा रुपयांच्या शुल्कासह दाखल होतील. मे २०२५ पासून जिल्ह्यात किती अफवांची खबर मिळाली, किती तासांत खुलासा झाला, कोणत्या भाषेत झाला, कलम ३५३ खाली किती गुन्हे नोंदले, त्यांतले किती खोट्या माहितीसाठी होते आणि किती नुसत्या मतासाठी, हे त्यात विचारलेले असेल. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस मिळतात. ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील होईल, आणि उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याच ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेतले जाईल.